शशी गोडबोले एकटी फिरते तेव्हा

'सोलो ट्रिप' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? पाठीवर सॅक, हॉस्टेलमधला बंक बेड, डोंगरमाथ्यावरचा फोटो. पुण्यात घरी लाडू करून विकणारी, साडी नेसणारी बाई त्या चित्रात सहसा नसते. त्यामुळेच की काय, गौरी शिंदे यांचा २०१२ सालचा 'इंग्लिश विंग्लिश' आपण इंग्रजी शिकण्याचा सिनेमा म्हणून लक्षात ठेवला. तो पुन्हा बघा. एकट्याने प्रवास करताना काय काय होतं, हे इतक्या बारकाईने दाखवणारे सिनेमे आपल्याकडे कमीच आहेत. आणि तो नेमका कुठे कचरतो, हेही बघण्यासारखं आहे.

गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. भाचीच्या लग्नाच्या तयारीसाठी शशीला (श्रीदेवी) बहिणीकडे न्यूयॉर्कला जायचंय. नवरा-मुलं मागाहून येणार, ही आधी, एकटी. तिने हे मागितलेलं नाही, उलट तिची घाबरगुंडी उडालेली आहे. विमानात शेजारी अमिताभ बच्चन बसतो आणि पहिल्यांदा करायची गोष्ट एकदाच होते, तेव्हा ती मजेत कर, असं सांगतो. पण मजा लगेच येत नाही. आधी येतो तो मॅनहॅटनमधल्या कॅफेचा प्रसंग. मागे रांग, काउंटरवर घाई, साधं खायला-प्यायला मागावं तर प्रश्नावर प्रश्न. शशी गोंधळते, धडपडते, बाहेर पळते आणि बाकावर बसून रडते. परदेशात आल्यावर पहिल्या आठवड्यात तुमचंही असं काही झालं असेल, तर हा प्रसंग समजावून सांगायची गरज नाही.

सिनेमाची खरी गंमत यानंतर सुरू होते. शशीला बसवर चार आठवड्यांत इंग्रजी शिकवणाऱ्या वर्गाची जाहिरात दिसते. लाडू विकून जमवलेल्या पैशातून ती फी भरते आणि कुणालाही न सांगता रोज वर्गाला जायला लागते. हा 'कुणालाही न सांगता' भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. दिवसातले काही तास ती कुठे आहे हे घरातल्या कुणालाच माहीत नाही. ती एकटी ट्रेन पकडते, रस्ते शोधते, साडीवर कोट चढवून झपझप चालते. पुण्याच्या घरात तिचं प्रत्येक काम कुणाच्या तरी हाकेला ओ देण्यासाठी असतं. इथे तिला हाक मारणारंच कुणी नाही.

वर्गात ती सांगते की आपण लाडू विकतो. त्यावर शिक्षक तिला 'आंत्रप्रेन्युअर' म्हणतात, आणि तो शब्द घोळवत ती रस्त्याने चालत सुटते. हेच काम ती पुण्यातही करत होती, पण तिथे नवऱ्याला आणि मुलीला त्यात कौतुकाचं काही दिसत नव्हतं. शिक्षकांना तिच्याबद्दल आधीचं काहीच माहीत नाही, म्हणून ते काम आहे तसं बघू शकतात. एकट्या प्रवासातला मोठा अचंबा हाच असावा. नवं शहर तर दिसतंच, पण आपल्याबद्दल कसलाही ग्रह नसलेल्या माणसाला आपण कसे दिसतो तेही कळतं. घरचे सोबत असले की ते आपली जुनी ओळख बरोबरच घेऊन येतात.

दुसरा अचंबा भाषेचा. वर्गातला फ्रेंच स्वयंपाकी लोराँ फ्रेंचमध्ये बोलतो, ती हिंदीत. एकमेकांचा शब्द कळत नाही आणि तरी दोघांना बरं वाटतं. इंग्रजी शिकायला गेलेली बाई मोकळी होते ती स्वतःच्या भाषेत.

आता तक्रारी. पहिली म्हणजे, शशीला मिळालेला हा आनंद सिनेमाला फार वेळ झेपत नाही. घरचे ठरल्यापेक्षा आधी येऊन थडकतात. ती वर्गात असताना मुलाला लागतं आणि तिला अपराधी वाटायला लागतं. परीक्षेच्या दिवशी लग्नाचे लाडू सांडतात, ती परीक्षा सोडून पुन्हा लाडू वळायला बसते. शेवटचं भाषण सुंदर आहे, पण एकटीने कमावलेलं सगळं त्यात कुटुंबाच्या पदरात घातलं जातं. बाई एकटी फिरली तर परत येताना घरासाठी काहीतरी आणलंच पाहिजे, ही आपली जुनी अट सिनेमाही मोडत नाही.

दुसरी तक्रार वर्गातल्या बाकीच्यांबद्दल. मुलं सांभाळणारी मेक्सिकन ईव्हा आणि टॅक्सी चालवणारा पाकिस्तानी सलमान हेही परदेशात पोटासाठी झगडणारे लोक आहेत. त्यांना परतीचं तिकीट नाही, राहायला बहिणीचं घर नाही. सिनेमा त्यांना मुख्यतः हसण्यापुरतं वापरतो. आखाती देशांतून वाचणाऱ्यांना हा फरक लगेच कळेल.

तिसरी तक्रार घरातली. गोडबोल्यांच्या पुण्यातल्या घरात मराठी जवळजवळ नाहीच. लग्नातल्या 'नवराई माझी' या गाण्यात ती एकदाची भेटते. शिंदे यांना हा सिनेमा सुचला तो घरी लोणच्यांचा व्यवसाय करणाऱ्या स्वतःच्या मराठी आईवरून, म्हणून हे जास्तच खटकतं.

तरीही परतीच्या विमानात, इंग्रजी येत असताना, शशी हिंदी वर्तमानपत्र मागते. तिथे कुटुंब शेजारी आहे, पण निवड तिची एकटीची आहे. माझ्या मते सिनेमाचा खरा शेवट तो.

आणि आता आपल्याबद्दल. हा सिनेमा बघताना आपण शशीच्या जागी स्वतःला ठेवतो. पण आज आपल्यापैकी बहुतेकांची जागा तिच्या मुलीची आहे. आई नाहीतर मावशी एकटी इकडे यायला निघाली की आपण काय करतो? धडधाकट असली तरी व्हीलचेअर बुक करतो, म्हणजे तिला कुणाशी बोलावं लागू नये. इमिग्रेशनसाठी इंग्रजीत चिठ्ठी लिहून देतो. "मी ऑफिसमधून येईपर्यंत बाहेर पडू नकोस" असं बजावतो आणि वर लोकेशन शेअर करायला लावतो. हे सगळं काळजीपोटीच असतं, आणि काही जणींना त्याची गरजही असते. पण सहा महिने तिला गाडीतून मॉल आणि मंदिर दाखवून परत पाठवलं, तर तिने पाहिलं काय? आपलं घर.

या वेळी आई आली की तिच्या हातात बसचा पास द्या, घरचा पत्ता लिहून द्या आणि तिला जाऊ द्या. कदाचित ती चुकेल, कॅफेत गडबडेल, चिडून परत येईल. कदाचित उशिरा येईल आणि कुठे गेले होते ते सांगणार नाही. तेव्हा फार खोदून विचारू नका.