पर्गोलेसीच्या नांवाखालीं

आपल्या अज्ञानाचे आभार मानण्याचा प्रसंग टीकाकारावर क्वचितच येतो. आमच्यावर तो आला आहे. आणि त्यांत आमची पुरेशी फजिती झाली असली, तरी ती वाचकांपासून लपवून ठेवण्यांत कांहीं अर्थ दिसत नाहीं.

पाश्चात्य संगीताची गोडी आम्हांस विद्यार्थिदशेंत लागली ती एका जुन्या तबकडीमुळें. तीवर तंतुवाद्यांचे कांहीं कॉन्चेर्टो होते, आणि रचनाकार म्हणून पर्गोलेसीचें नांव छापलेलें होतें. पर्गोलेसी हा नेपल्समध्यें नांवारूपाला आलेला इटालियन संगीतकार. १७३६ सालीं, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षीं तो वारला. एवढें चरित्र ठाऊक असलें म्हणजे रसिकाची कल्पना स्वस्थ बसत नाहीं. संथ भागांत आम्हांस अकालमृत्यूची चाहूल ऐकूं येई आणि द्रुत भागांत नेपल्सच्या समुद्रावरचें ऊन दिसे. पुढें अध्यापक झाल्यावर कलावंताचें जीवन त्याच्या कृतींत कसें उतरतें, हें समजावून सांगतांना आम्हीं हेंच उदाहरण वर्गांत अनेकदां मोठ्या तन्मयतेनें दिलें.

वस्तुतः या कृतींशीं पर्गोलेसीचा कांहींएक संबंध नव्हता. त्या रचिल्या हॉलंडमधील एका उमरावानें. उनिको विल्हेल्म फान वासेनार (१६९२–१७६६) हें त्याचें नांव. डेल्डन गांवाजवळील ट्विकेल हा त्याच्या घराण्याचा वाडा. व्यवसाय म्हणाल तर राजकारण व वकिलात. १७४४ सालीं डच सरकारचा वकील म्हणून तो फ्रान्सला गेला होता. १७२५ ते १७४० या काळांत त्यानें हे सहा कॉन्चेर्टो लिहिले आणि हेग येथें मित्रमंडळींत ते वाजविले जात. मंडळींत पहिलें व्हायोलिन वाजविणारा कार्लो रिच्चोत्ती हा इटालियन वादक होता. त्यानें ते छापण्याची परवानगी मागितली. वासेनारनें साफ नाकारली. शेवटीं काउंट बेंटिंक या मित्रानें भीड घातली, तेव्हां आपलें नांव कोठेंहि येऊं नये या अटीवर त्यानें संमति दिली. (याच बेंटिंक घराण्याच्या इंग्लंडमधील शाखेंतील लॉर्ड विल्यम पुढें गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आले.) १७४० सालीं ग्रंथ निघाला तो बेंटिंकला अर्पण केलेला आणि रिच्चोत्तीच्या नांवाचा. स्वरलेखन छापून विकणें हें उमरावाच्या इभ्रतीला शोभत नसे, हें त्या काळीं ओघानेंच आलें.

वारस नसलेल्या मालमत्तेचें जें होतें तेंच पुढें झालें. लंडनच्या छापखान्यानें या कृति रिच्चोत्तीच्या म्हणून विकल्या. एकोणिसाव्या शतकांत त्या पर्गोलेसीच्या ठरल्या. पर्गोलेसी मेल्यावर त्याची कीर्ति इतकी वाढली कीं नकलनवीस व प्रकाशक मिळेल त्या कृतीवर त्याचें नांव घालूं लागले. १९३९ ते १९४२ या वर्षांत रोम येथें त्याचें समग्र संगीत प्रसिद्ध झालें, त्यांतहि हे कॉन्चेर्टो आहेत. त्या संग्रहाचा बराच मोठा भाग आज परक्याचा मानला जातो. स्ट्राविन्स्कीसारखा जाणता पुरुषहि यांतून सुटला नाहीं. १९२० सालच्या त्याच्या 'पुल्चिनेल्ला' या नृत्यनाट्यांतील तारांतेल्ला वासेनारच्या कृतीवरून घेतलेली आहे आणि इतर कित्येक भाग दोमेनिको गाल्लो याचे आहेत. पण मूळ संगीतकार म्हणून बोलबाला झाला तो एकट्या पर्गोलेसीचा.

शंका घेणारे पंडित अर्थातच होते. परंतु कोडें सुटलें तें आल्बर्ट डनिंग या संशोधकास ट्विकेलच्या वाड्यांत या कृतींचें हस्तलिखित सांपडलें तेव्हां. त्याचा ग्रंथ १९८० सालीं निघाला. हस्तलिखितास वासेनारनें स्वहस्तें प्रस्तावना जोडली आहे. तींत छपाईची सारी हकीकत सांगून, यांतील कांहीं कृति बऱ्या, कांहीं मध्यम व कांहीं टाकाऊ आहेत, असा निकाल तो स्वतःच देऊन मोकळा होतो. आमच्या व्याख्यानांइतका करुणरस त्याला स्वतःच्या संगीतांत आढळला नाहीं, हें उघड आहे.

ही हकीकत आमच्यापर्यंत पोंचली ती बऱ्याच उशीरां. एका रसिक स्नेह्यांस सांगितली, तेव्हां ते म्हणाले, "म्हणजे इतकीं वर्षें आपण एका हौशी वकिलाच्या करमणुकीला डोळ्यांत पाणी आणीत होतों!" त्या दिवसापासून त्यांनीं ती तबकडी ऐकलेली नाहीं. आम्हीं मात्र पुनः लावली. चार स्वतंत्र व्हायोलिनें, व्हिओला, चेलो व त्यांखालीं चाललेला मंद्र स्वरांचा आधार यांची ती घट्ट वीण. संथ आरंभानंतर एकामागून एक वाद्यानें तोच स्वरविषय उचलण्याची ती जुन्या वळणाची शिस्त! पर्गोलेसीची शैली हलकी, मोकळी, रंगभूमीवरची. ही वीण त्याची नव्हे, हें कानांनीं पूर्वींच सांगावयास हवें होतें. पण कानांस विचारतो कोण? एफ् मायनर स्वरांतील कृतीचा आरंभ ऐकतांना तर आम्हांस उत्तरेकडील धुकें व एका अबोल सरदाराचा संयम जाणवूं लागला, आणि आम्ही तेथेंच दचकलों. नेपल्सचें ऊन जेथून आलें होतें तेथूनच हें धुकेंहि आलें होतें.

तेव्हांपासून वर्गांत आम्ही आधीं तबकडी लावतों आणि नांव तास संपल्यावर सांगतों. विद्यार्थी कुरकुर करतात. नांव ठाऊक नसतां काय ऐकावें हें त्यांना उमगत नाहीं. तबकडीच्या वेष्टणावर अजून पर्गोलेसीचेंच नांव आहे. तें आम्हीं खोडलेलें नाहीं.