स्मारक : आज्ञा आणि पुरावा

वादग्रस्त स्मारके काढावीत की ठेवावीत, हा प्रश्न ज्या रीतीने मांडला जातो त्या रीतीतच एक गृहीत दडलेले असते. पुतळा म्हणजे ती व्यक्तीच, असे दोन्ही पक्ष धरून चालतात; एक तिला शासन करू पाहतो, दुसरा तिचा बचाव. वस्तुतः स्मारक हे व्यक्तीविषयीचे विधान असते आणि ते उभारणाऱ्यांच्या काळाचे असते. अमेरिकेत शार्लट्सव्हिल येथे जनरल रॉबर्ट ली यांचा पुतळा १९२४ साली, म्हणजे यादवी युद्ध संपून जवळजवळ साठ वर्षांनी उभा राहिला. त्यात युद्धापेक्षा वर्णभेदाचे कायदे राबवणाऱ्या विसाव्या शतकारंभीच्या दक्षिणेचा आवाज अधिक स्पष्ट ऐकू येतो. तो २०२१ मध्ये हटवला गेला आणि २०२३ मध्ये वितळवला गेला. त्यामुळे लींचा इतिहास पुसला गेला नाही. नगराने त्यांना दिलेले मानाचे स्थान तेवढे परत घेतले गेले.

या दृष्टीने पाहता प्रत्येक स्मारकात दोन कार्ये एकत्र नांदत असतात. 'येथे नतमस्तक व्हा' ही आज्ञा. आणि 'कोणी, केव्हा, कोणाला वंदनीय ठरवले' याचा पुरावा. ठेवा म्हणणारे पुराव्याच्या नावाखाली आज्ञाही राखतात, काढा म्हणणारे आज्ञेबरोबर पुरावाही नष्ट करतात. कोनशिलेची भाषा ही गल्लत सुकर करते. तिच्यावर अनावरण कोणाच्या शुभहस्ते झाले ते ठळकपणे कोरलेले असते, पण 'उभारण्यात आला' या कर्मणी रचनेत उभारण्याचा निर्णय घेणारा कर्ता अनेकदा लुप्त होतो. समीक्षेचे पहिले काम हा लुप्त कर्ता शोधण्याचे आहे.

महाराष्ट्रातील तीन घटना या भेदाच्या प्रकाशात तपासता येतात. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातील राम गणेश गडकरी यांचा पुतळा रात्रीच्या वेळी उखडून मुठेत टाकण्यात आला. आक्षेप 'राजसंन्यास' या अपूर्ण नाटकातील संभाजीराजांच्या चित्रणावर होता. आक्षेप संहितेवर आणि आघात धातूवर, अशी ही विपरीत गोष्ट आहे. नाटक न वाचलेल्यांना ते वाचण्याची गरज उरली नाही, आणि पुतळ्याच्या कैवाऱ्यांनाही बहुधा उरली नाही. डिसेंबर २०१० मध्ये लाल महालातील समूहशिल्पातून दादोजी कोंडदेवांची आकृती हटवली गेली ती महापालिकेच्या ठरावानंतर. निर्णयाला येथे कर्ता होता. परंतु शिल्पातील एक आकृती गेल्याने उरलेल्या आकृतींचा परस्परसंबंधच बदलतो, हे त्या वादात फारसे कोणी लक्षात घेतले नाही. याउलट मुंबईतील काळा घोडा. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये भायखळ्याच्या उद्यानात हलवला गेला. घोड्याचे नाव मात्र चौकाला चिकटून राहिले. २०१७ मध्ये तेथे स्वाराविना घोडा उभा राहिला. सम्राटाची आज्ञा संपली, वस्तू उरली आणि लोकांनी ठेवलेले नावही उरले.

तथापि ही तिन्ही उदाहरणे शहरांची आहेत. तेथे स्मरणाचा झगडा आधीच पुतळ्याच्या भाषेत चाललेला असतो. ही भाषाच ज्यांना उपलब्ध नव्हती त्यांच्या स्मृतीचे काय, हा प्रश्न डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात उभा राहतो. आज पालघर जिल्ह्यात असलेल्या या भागात मे १९४५ मध्ये झरी गावी वारल्यांची सभा झाली आणि वेठबिगार व लग्नगडी पद्धतीविरुद्धच्या लढ्याला तोंड फुटले. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी जोडपे जमीनदाराकडे बांधले जाई. ही पद्धत ज्या आज्ञेवर उभी होती तिला पुतळ्याची गरज नव्हती. वारल्यांनी तोडली ती आज्ञाच. लढा वेठीचा, जमिनीचा, गवतकापणीच्या मजुरीचा होता. कोणाची प्रतिमा उखडण्याचा नव्हता. प्रतीके पाडल्याने व्यवस्था पडते असे मानणाऱ्या आजच्या वादाला हा इतिहास अडचणीचा आहे. व्यवस्था मोडली तरी स्मृतीचा प्रश्न सुटत नाही, हेही त्यातून तितकेच दिसते.

कारण १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे झालेल्या पोलीस गोळीबारात पाच आदिवासी ठार झाले. मराठी वाचकाला त्यांतले माहीत असले तर एक नाव माहीत असते, जेठ्या गांगड यांचे. उरलेल्या चौघांचा कोणी पुतळा पाडलेला नाही. पाडण्याजोगे काही उभेच नव्हते. विस्मरणाला दरवेळी हातोडा लागतो असे नाही.

या लढ्याचे मराठीतील सर्वांत मोठे स्मारक म्हणजे गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे १९७० साली प्रसिद्ध झालेले पुस्तक. १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. पुस्तकाचे मोल निर्विवाद आहे. पण स्मारक म्हणून तेही वाचले पाहिजे. शीर्षकातील रूपक जागे होण्याचे आहे, आणि जागे होण्यापूर्वी निद्रा गृहीत असते. रूपकाच्या रचनेतच निवेदक जागी आहे आणि वारली झोपलेला. प्रत्यक्षात पुस्तकातील वारल्यांची अनुभवकथने या रूपकाला छेद देतात. आपल्यावर काय गुदरते आहे याची जाणीव त्यांना पुरेपूर होती. नव्हते ते संघटनेचे बळ. म्हणजे शीर्षकातली आज्ञा आणि मजकुरातला पुरावा यांच्यात अंतर आहे. हे अंतर दाखवणे म्हणजे पुस्तक पदच्युत करणे नव्हे. उलट ज्या पुस्तकात आपल्याच शीर्षकाविरुद्धची साक्ष प्रामाणिकपणे नोंदवलेली आहे, ते पूजेपेक्षा वाचनाला अधिक पात्र ठरते.

याच परिसरात स्मृतीची आणखी एक रीत आहे. वारल्यांच्या लग्नात भिंतीवर चौक लिहिला जातो. पुढे ती भिंत सारवली की चित्र जाते. दुसऱ्या लग्नात ते नव्याने लिहिले जाते. टिकाऊपणावर नव्हे, तर पुनरुक्तीवर आणि ती करणाऱ्या हातांवर येथे स्मरण विसंबते. या रीतीचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही; पुसल्या जाणाऱ्या भिंतीवर गोळीबारातील मृतांची नावे टिकत नाहीत. परंतु स्मरण म्हणजे एकदा उभारून मोकळे होणे नव्हे, एवढे ती निश्चित सुचवते.

तेव्हा काढणे की ठेवणे, या प्रश्नाचे उत्तर आज्ञा आणि पुरावा वेगळे केल्याशिवाय देता येत नाही. मानाचे स्थान परत घेण्याचा अधिकार प्रत्येक पिढीला आहे. मात्र तो उघडपणे, कारणे नोंदवून आणि ज्या संहितेवर आक्षेप आहे ती वाचून वापरला गेला पाहिजे. काढल्याचीही खूण मागे राहिली पाहिजे. रात्री नदीत टाकलेला पुतळा ही खूण ठेवत नाही. आणि जेथे मुळात काही उभारलेच गेले नाही, तेथे उरलेल्या चार नावांचे ऋण फेडल्याखेरीज स्मारकांविषयीचा कोणताही वाद पुरा झाला असे म्हणता येणार नाही.