काळ्या कागदावरील उजेड

मूर्तीवर प्रकाश कोठून येतो, हें नांदेड-लातूरकडील मनुष्यास ग्रंथांतून शिकावें लागत नाहीं. औसा तालुक्यांतील खरोसा येथील लेण्यांत तो दारांतून येतो. दाराजवळील शिल्प उजळतें, आंतील काळोखांत बुडतें. देगलूर तालुक्यांतील होट्टलच्या सुरसुंदरींवर ऊन फिरतें तशी त्यांची छायाही फिरते. असा डोळा घेऊन आम्ही श्री. शशिकांत धोत्रे यांचीं चित्रें पाहिलीं. त्यांचें शिरापूर गांव सोलापूर जिल्ह्यांतील, म्हणजे लातूरकडील मनुष्यास परकें नव्हे. चित्रविषयही ओळखीचा : ग्रामीण स्त्रिया आणि मुली, बहुधा विसाव्याच्या क्षणीं.

साधन मात्र विलक्षण आहे. काळा कागद आणि रंगीत पेन्सिली! याचें मर्म कळण्यास सावळाराम हळदणकर (१८८२–१९६८) यांचें ‘ग्लो ऑफ होप’ शेजारीं ठेवून पहावें. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यांतील हें चित्र छापील प्रतींमुळें घरोघरीं परिचित आहे. हातीं दिवा घेतलेली स्त्री ज्योतीपुढें तळहात धरते आणि बोटें लाल होतात. तें जलरंगांतील आहे. जलरंगांत उजेड म्हणजे राखून ठेवलेला शुभ्र कागद; काळोख चित्रकारास वर चढवावा लागतो. धोत्रे यांच्याकडे हा व्यवहार उलटा होतो. काळोख आयताच आहे. मिळवावा लागतो तो उजेड, आणि तोही रेघेरेघेनें.

हा केवळ कारागिरीचा फरक नव्हे. पांढऱ्या कागदावर सांवळा वर्ण ही बाहेरून घातलेली भर असते, आणि भर घालतांना ती मळकट होण्याची भीति असते. काळ्या कागदावर सांवळी कांति मुळांतच आहे. गालाचा उंचवटा पेन्सिलीनें उजळला कीं हनुवटीखालील भाग आपोआप देहाचाच होतो. उन्हांत राबणाऱ्या माणसांना त्यांचा खरा वर्ण असा सन्मानानें क्वचितच मिळाला आहे. दिनदर्शिकांवरील गोऱ्या ग्रामकन्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस याचें मोल निराळें सांगावयास नको.

तथापि आमचा एक आक्षेप आहे. बहुतेक चित्रांत हा उजेड कोठून आला तें समजत नाहीं. दिवा नाहीं, खिडकी नाहीं, उंबरा नाहीं. छायाचित्रकाराच्या दालनांतील उजेडासारखा तो सर्वांगावर सारखा शहाणपणानें पसरतो. मागें सर्वत्र काळें असल्यामुळें ती बाई कोणत्या घरची, वेळ सकाळची कीं तिन्हीसांजेची, याचा पत्ता लागत नाहीं.

यावर कोणी अजिंठ्याचें उदाहरण देईल. पहिल्या लेण्यांतील पद्मपाणीवरही एका बाजूनें प्रकाश पडत नाहीं; चकाकी नाकाच्या दांड्यावर उमटते, ती देहाचीच वाटते. हें खरें. परंतु पद्मपाणीभोंवतीं डोंगर आहेत, वानर-मोर आहेत, माणसें आहेत. प्रकाशास उगम नसला तरी त्या पुरुषास ठिकाण आहे. धोत्रे यांच्या स्त्रीस ठिकाण देतें तें बहुधा तिचें लुगडेंच. त्याच्या काठाची वीण न् वीण उजळली आहे, आणि पहाणाराची नजर चेहरा सोडून वारंवार त्या काठावरच जाऊन अडकते.