डब्याला कुलूप लावून काय होणार?

फोनवरून घरात भांडण झालं की कुणीतरी 'द सोशल डिलेमा' बघायचा सल्ला देतं. जेफ ऑर्लोव्स्कीचा हा २०२० सालचा माहितीपट नेटफ्लिक्सवर आहे, आणि त्यातलं तंत्रज्ञान बरंचसं बरोबर आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कुठल्या नोटिफिकेशनवर माणूस ॲपमध्ये परत येतो, हे आमच्या धंद्यात नेमाने मोजलं जातं. तरीही हा माहितीपट बघताना मला वाटत राहिलं, की यात फोन समजतो, पोरगं समजत नाही.

मुलाखतींच्या मधेमधे एका अमेरिकन कुटुंबाची रचलेली गोष्ट येते. बेन हा शाळकरी मुलगा, आणि त्याला फोनमधून खेळवणारी तीन माणसं, म्हणजे अल्गोरिदम. आठवडाभर फोनला हात लावायचा नाही, असं बेन आईशी ठरवतो. मग त्याला परत खेचायला ती तिघं काय वापरतात? त्याची आधीची मैत्रीण आता दुसऱ्या कुणाबरोबर आहे, ही बातमी. बेनचा निश्चय मोडतो.

दिग्दर्शकानं इथे जरा थांबायला हवं होतं. गळ कंपनीचा आहे, मान्य. पण गळाला लावलेलं आमिष बेनचं स्वतःचं दुखणं आहे. ते त्यानं घरात कुणाला सांगितलंय का? बेनची धाकटी बहीण इसला. तिच्या फोटोखाली कुणीतरी तिच्या कानांवरून कॉमेंट करतं आणि ती आरशासमोर रडते, एकटीच. आई जेवताना सगळ्यांचे फोन टायमरच्या कुलपाच्या डब्यात ठेवते, तर इसला तो डबाच फोडते. आपण दचकतो. पण डबा बंद असताना त्या टेबलावर कोण कशाबद्दल बोलणार होतं, हा प्रश्न माहितीपटाला पडत नाही.

तो प्रश्न बो बर्नहॅमच्या 'एट्थ ग्रेड' (२०१८) या सिनेमात आहे. तेरा वर्षांची केला आठवीच्या शेवटच्या आठवड्यात आहे. शाळेत तिला 'सगळ्यात गप्प मुलगी' म्हणून निवडलं जातं. हीच मुलगी घरी आत्मविश्वास कसा वाढवावा यावर यूट्यूबसाठी व्हिडिओ करते, आणि ते जवळपास कुणीच बघत नाही. बर्नहॅम स्वतः २००६ साली, पोरवयात, यूट्यूबवर गाणी टाकून पुढे आला. म्हणूनच बहुधा तो केलाला उपदेश करत नाही.

रात्री अंथरुणात ती स्क्रोल करत राहते, एन्याचं गाणं वाजत असतं, चेहऱ्यावर स्क्रीनचा उजेड. व्यसन म्हटलं की आपण त्यातली मजा शोधतो. केलाच्या चेहऱ्यावर मजा फारशी नाहीच. लाज आहे, मागे पडायची धास्ती आहे, इतरांना हे सगळं कसं जमतं याचं कुतूहल आहे. शाळेत जे जमत नाही त्याची रंगीत तालीम ती फोनमध्ये करते. फोन काढून घेतला तर तालमीची खोली जाईल आणि धास्ती जिथल्या तिथे राहील.

तिला एकट्यानं वाढवणारा बाप जेवताना बोलायची धडपड करतो, तर ही कानात इअरफोन घालून बसलेली. तो चुकीचं बोलतो, अवघडतो, पण तिथून उठून जात नाही. म्हणूनच शेवटाकडे, शेकोटीपाशी, 'माझ्यामुळे तुम्हाला वाईट वाटतं का?' अशा अर्थाचा प्रश्न ती त्याला विचारू शकते. त्यानंतर तिचा फोन सुटतो असंही नाही. ती पुन्हा व्हिडिओच करते, या वेळी पुढे मोठ्या होणाऱ्या स्वतःसाठी.

या सिनेमाची एक बाजू मात्र लंगडी आहे. केलाच्या एकटेपणावर पैसे कोण कमावतं, हे तो विचारत नाही. 'द सोशल डिलेमा'मध्ये इन्फिनिट स्क्रोल घडवणारा एझा रास्किन समोर बसून बोलतो. ते ऐकायलाच हवं, आणि आम्ही इंजिनिअर लोकांनी आधी.

पण घरात एकच दाखवायचं असेल, तर मी 'एट्थ ग्रेड' दाखवेन, आणि तोही आईबाबांना. धाकट्या भावंडाच्या हातातला फोन ओढण्याआधी, ते रात्री एक वाजता कुणाच्या उत्तराची वाट बघतंय, एवढं तरी आपल्याला माहीत असायला हवं.