उलटी सांगितलेली कहाणी : ‘तुंबाड’ आणि गौरीची म्हातारी

‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटाच्या उगमाचा प्रश्न बहुधा दोन नावांवर मिटवला जातो. शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या कादंबरीवरून आले, आणि पहिल्या भागातील कथाबीज नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेतून. दोन्ही विधाने खरी आहेत. पण त्यांनी फारसे काही उलगडत नाही. पेंडशांचे ऋण नावापुरते आहे. जगबुडीच्या काठच्या खोत घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा विस्तार चित्रपटात शोधू जाणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. धारपांचे ऋण अधिक खरे आहे, परंतु ‘आजी’ ही कथाच मुळात स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’ (१९८४) या कथेवर बेतलेली आहे. घराबाहेर गेलेली आई, जखमी भाऊ, एकटा मुलगा आणि पलीकडच्या खोलीतील भयंकर आजी हा सांगाडा किंगचा. ज्या नावाच्या उच्चाराने म्हातारी आवरते ते ‘हस्तर’ हे नावही किंगच्या कथेत आहे आणि त्याआधी अँब्रोज बिअर्सच्या एका कथेत ते मेंढपाळांच्या सौम्य दैवताचे नाव होते. एका गोरगरिबांच्या देवाचा सव्वाशे वर्षांत कोकणातील भुकेला राक्षस व्हावा, हा प्रवास स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

उगमाचा असा माग काढत गेल्यास ‘तुंबाड’ ही एका आयात केलेल्या कथेची देशी आवृत्ती ठरते. मला हा निष्कर्ष अपुरा वाटतो. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितले आहे की, धारपांची कथा त्यांनी प्रथम वाचली नाही, ऐकली. १९९३ मध्ये, नागझिऱ्याच्या जंगलात, एका मित्राच्या तोंडून. ऐकलेली गोष्ट ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून असलेल्या गोष्टींच्या घाटात जाऊन बसते. मराठी मनातील असा सर्वांत जुना घाट व्रतकहाणीचा आहे. ‘तुंबाड’ हे त्या कहाणीचे, विशेषतः ज्येष्ठागौरीच्या कहाणीचे, भयपटात झालेले रूपांतर आहे, असे येथे मांडावयाचे आहे. ते हेतुपूर्वक केले गेले की नाही, हा प्रश्न गौण मानतो.

मुलाला गिळू पाहणाऱ्या आजीची युरोपीय वंशावळ ‘लिटल रेड रायडिंग हूड’पाशी पोहोचते. पेरोच्या १६९७ च्या पाठात लांडगा आजीला खाऊन तिच्याच बिछान्यात पडून राहतो. किंगने लांडगा वगळला. त्याच्या कथेत बिछान्यातली आजी हीच श्वापद आहे. आपल्याकडील म्हातारीचा स्वभाव मात्र वेगळा. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणारी म्हातारी स्वतः भक्ष्य असते आणि वाघाला चकवते. गौरीच्या कहाणीतली म्हातारी तर अन्न घेऊनच येते. पोरांनी गौर आणण्याचा हट्ट धरला, घरात काही नाही, म्हणून जीव द्यायला तळ्यावर निघालेल्या गरीब ब्राह्मणाला ती वाटेत भेटते. तो तिला घरी आणतो आणि कण्यांचे मडके भरलेले दिसते. पुढे ती न्हाऊ घालायला सांगते, घावन-घाटले मागते, गाईंना हाका मारायला लावते, आणि शेवटी स्वतःच निरोप मागते. संपत्ती टिकावी म्हणून जाताना देते ती वाळू. या कहाणीतला पहिला चमत्कार धान्याचा आहे, सोन्याचा नव्हे, हे ध्यानात ठेवावे लागेल.

आता चित्रपटाकडे पाहू. समृद्धीच्या देवीचा पहिला आणि लाडका मुलगा हस्तर आईचे सोने घेतो. धान्याकडे हात टाकतो तेव्हा इतर देव त्याच्यावर तुटून पडतात. देवी त्याला आपल्या गर्भात लपवते, अट एवढीच की त्याची कधी पूजा होऊ नये. तुंबाडच्या एका घराण्याने ती अट मोडली म्हणून तेथे अखंड पाऊस. म्हणजे कहाणीचे सर्व घटक येथे हजर आहेत : दान देणारी देवी, अट, अटीचा भंग, घराण्यावर कोप. प्रॉपने रशियन परीकथांच्या आधारे १९२८ मध्ये जी कार्ये वर्णिली, त्यांतील निषेध आणि निषेधभंग ही जोडी तर उघडच आहे. फक्त क्रम पुढे सरकत नाही. आपल्या कित्येक कहाण्यांत उतल्या-मातल्यावर देवी रुसते, दारिद्र्य येते, चूक उमगते, वसा पुन्हा घेतला जातो आणि गेलेले परत मिळते. ‘तुंबाड’ने हा परतीचा अर्धा भाग कापून टाकला आहे. भय निर्माण होते ते या कापलेल्या जागी; राक्षसाच्या दर्शनाने होणारा थरार त्यामानाने उथळ आहे.

त्याहून महत्त्वाचा बदल म्हातारीत झाला आहे. गौरीच्या कहाणीत देवी आणि म्हातारी एकच असतात. चित्रपट त्यांची फाळणी करतो. देवी पोटात सोने घेऊन मुकी पडून राहते. म्हातारी साखळदंडात, कायमची भुकेली, काही न देणारी. १९१८ मधल्या पहिल्या भागात तिला भरवण्याचे काम विनायकच्या आईकडे आहे. ही आई सरकारांच्या आश्रयाला राहिलेली विधवा. गौर ज्या सवाष्णींच्या घरी येते त्यांत तिची गणना नाही. व्रताच्या वर्तुळाबाहेर ठेवलेली बाई घरात येऊन राहिलेल्या म्हातारीला रोज जेवू घालते आणि घरात कण्यांचे मडके भरत नाही, ही विपर्यस्त गौर आहे. पंधरा वर्षांनी विनायक परततो तेव्हा म्हातारीच्या देहातून झाड उगवले आहे. तिलाही निरोपच हवा आहे; खजिन्याचे रहस्य ती जाळून मोकळे करण्याच्या बोलीवर देते. कहाणीतील निरोपाचे दान येथे सौदा होते. चित्रपटातील हे सर्वांत बलवान दृश्य आहे.

देवीच्या गर्भाशयाची कल्पना केवळ दृश्यचमत्कृती म्हणून सोडून देता येणार नाही. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’मध्ये (१९७८) भूमीच्या सर्जनेंद्रियाची उपासना आणि वारूळरूपी सांतेरी यांचा संबंध उलगडला आहे. कोकण-गोव्याच्या माणसाला भूमीचे पोट हे पूजेचे स्थान म्हणून परिचित आहे. विनायक त्याच पोटात दोराने उतरतो, पिठाचे रिंगण आखतो आणि कणकेची बाहुली पुढे करतो. हस्तर तिच्यावर झडप घालतो, तेवढ्यात याने त्याच्या लंगोटातून मोहरा ओढायच्या. चित्रपटाच्या आरंभी गांधीजींच्या नावाने प्रचलित असलेले लोभाविषयीचे वचन येते, आणि २०२४ च्या पुनर्प्रदर्शनानंतर झालेली बरीचशी चर्चा त्या वचनाचीच टीका होऊन बसली. पण या दृश्यात लोभी कोण आहे? सोन्याचा धनी असलेला हस्तर सोन्याचे रक्षणसुद्धा करत नाही. त्याला पीठ हवे आहे, कारण धान्य त्याला कधी मिळालेच नाही. माणसाने उपाशी देवाच्या भुकेचे आमिष केले आहे. वचन चित्रपटाला लोभाची बोधकथा करू पाहते. दृश्ये मात्र भुकेच्या व्यापाराविषयी बोलतात. सरकारांच्या एका मोहरेसाठी वर्षानुवर्षे राबणारी आई या व्यापाराच्या दुसऱ्या टोकाला आहे. वचनापेक्षा चित्रपट शहाणा आहे.

पडद्याने पुराणकथा फार लवकर आपलीशी केली. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर दादासाहेब फाळके नाशिकला आले आणि येथे त्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ (१९१३) केला. वर मागणाऱ्यावरच वर उलटण्याची ती कथा. पुराण कीर्तनकाराच्या तोंडी, चारचौघांत होते. कहाणी घरात, बायकांनी बायकांना सांगायची आणि हाती अक्षता धरून ऐकायची. तिच्यात श्रवण हाच विधी असतो. ‘जय संतोषी माँ’ने (१९७५) हे ओळखले आणि प्रेक्षागृहाचेच देवघर झाले. ‘तुंबाड’मध्ये सांगणारा बाप आहे, ऐकणारा मुलगा. विनायक पांडुरंगाला देवीची कथा सांगतो ती चोरीची पूर्वतयारी म्हणून. दुर्गाबाई भागवतांनी ‘लोकसाहित्याची रूपरेषा’मध्ये (१९५६) लोकसाहित्याच्या अभ्यासाची जी शिस्त घालून दिली, तिच्याशी परिचित असलेल्या वाचकाला निवेदक बदलल्याने कथाच बदलते हे निराळे सांगावे लागणार नाही.

१९४७ मधला तिसरा भाग रचनेत सैल आहे. एकाऐवजी अनेक बाहुल्या, म्हणून अनेक हस्तर, हा गुणाकार भयाला पातळ करतो. एकट्या भुकेल्याची करुणा गर्दीत हरवते. तरीही शेवट चित्रपटाला सावरतो. शापित झालेला बाप सबंध लंगोट मुलापुढे धरतो. पांडुरंग तो नाकारतो, लहानपणी विनायकाने म्हातारीला निजवले त्याच नावाने बापाला निजवतो आणि पेटवून देतो. बागुलबुवाची भीती घालून मूल झोपवण्याची आपली घरगुती रीत येथे मुलाच्या तोंडी बापासाठी येते. ऐकणाऱ्याने कहाणी पुढे सांगायचे नाकारल्यामुळे ती सुफळ झाली नाही, पण थांबली. मात्र तिच्या जागी दुसरी कोणी सांगावी, याची सोय चित्रपटाने ठेवलेली नाही. विनायकाची बायको वैदेही घरात आहे. ही कथा तिला सांगताना विनायक आपल्याला एकदाही दिसत नाही.