प्राथमिक वर्गांतील वाचन-आकलन व अलंकारांचे अध्यापन : एक चिकित्सा

प्रस्तावना

मराठीच्या प्राथमिक अध्यापनात आकलन आणि अलंकार या दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवण्याची रीत जुनी आहे. उतारा व त्याखालील प्रश्न म्हणजे आकलन. यमक, अनुप्रास, उपमा, चेतनगुणोक्ती ही व्याकरणाच्या पानावरची बाब. या विभागणीचा परिणाम पुढे महाविद्यालयीन वर्गात दिसतो. कला शाखेच्या प्रथम वर्षातील विद्यार्थी उत्प्रेक्षेची व्याख्या बिनचूक सांगतो, परंतु समोरच्या कवितेत ती उत्प्रेक्षा काय साधते असे विचारताच गप्प होतो. अशा वेळी माध्यमिक शाळेला दोष देऊन मोकळे होणे सोपे असते. वस्तुतः या मौनाचा अभ्यास तिसरी-चौथीपासूनच होत आलेला असतो. प्रस्तुत लेखात त्या अभ्यासाचे स्वरूप तपासले आहे.

उतारा आणि प्रश्न

'पुढील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा' ही सूचना न पाहिलेला विद्यार्थी महाराष्ट्रात सापडणे कठीण. या प्रश्नप्रकाराची ताकद आणि दुबळेपणा एका निरर्थक वाक्यावरून स्पष्ट व्हावा. 'धोमट्या सकाळी लवकर मिरगुळात गेला व त्याने तीन गुंभे झिरमटले.' यावर तीन प्रश्न विचारता येतात : धोमट्या कोठे गेला? केव्हा गेला? त्याने किती गुंभे झिरमटले? कोणतेही साक्षर मूल तिन्ही प्रश्नांची बरोबर उत्तरे देईल आणि पूर्ण गुण मिळवील. धोमट्या कोण, मिरगूळ हे गाव की जंगल, गुंभे झिरमटणे हे पुण्य की पाप, यांतील काहीही त्याला ठाऊक नसेल. विभक्तिप्रत्यय व क्रियापदाचे रूप ओळखण्याचे व्याकरणिक ज्ञान येथे कामी येते, आणि ते क्षुल्लक नाही. पण त्याला आकलन म्हणणे हा शब्दाचा गैरवापर होय.

अमेरिकन अभ्यासक डोलोरेस डर्किन यांनी १९७८-७९ मध्ये प्रसिद्ध केलेला निरीक्षणाभ्यास या संदर्भात अद्याप उद्‌धृत केला जातो. चौथीच्या वर्गांतील वाचनाच्या तासांचे ४,४६९ मिनिटे निरीक्षण केल्यावर प्रत्यक्ष आकलन शिकविण्यात गेलेला वेळ अवघा २० मिनिटे भरला. उरलेल्या वेळात शिक्षक निष्क्रिय नव्हते. ते प्रश्न विचारत होते, उत्तरे तपासत होते. म्हणजे आकलनाची परीक्षा सतत चालू होती, अध्यापन मात्र जवळजवळ नव्हते. अमेरिकेतील त्या वर्गांचे आकडे आपल्या शाळांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही परीक्षा घेणे म्हणजेच शिकविणे ही समजूत मराठी वर्गाला अपरिचित आहे, असे कोणी म्हणणार नाही.

आपल्याकडे चर्चा बहुधा याच्या एक पायरी अलीकडे अडते. २००५ पासून होत असलेल्या 'असर' सर्वेक्षणाच्या मूळ वाचनचाचणीत मूल अक्षर, शब्द, परिच्छेद व गोष्ट यांपैकी कोठवर वाचू शकते हे पाहिले जाते. २०२२ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी ४२.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. या आकड्याने अस्वस्थ व्हावे हे योग्यच. पण 'आधी वाचता येऊ दे, समजण्याचे मग पाहू' हा निष्कर्ष त्यातून काढणे योग्य नाही. गफ व टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार वाचन-आकलन हे लिपी उलगडण्याची क्षमता आणि भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार आहे. गुणाकारात एक संख्या शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असून उपयोग नाही. शिवाय लिपी न येणाऱ्या मुलाची भाषिक समज तोंडी गोष्टींतून, गाण्यांतून, कोड्यांतून वाढविता येते. ती लिपीसाठी थांबवून ठेवण्याचे कारण नाही.

मुख्यार्थबाध

आकलन कसे घडते याचा विचार आपल्या काव्यशास्त्राने फार बारकाईने केला आहे, पण तो पदव्युत्तर वर्गापलीकडे सहसा जात नाही. लक्षणेचे सर्वपरिचित उदाहरण 'गंगेवर गवळीवाडा' हे. पाण्याच्या प्रवाहावर वस्ती असणे शक्य नाही. वाच्य अर्थ अडतो, म्हणजेच मुख्यार्थबाध होतो, आणि मग वाचक 'गंगेच्या तीरावर' या अर्थाकडे वळतो. येथे महत्त्वाची गोष्ट अशी की अर्थ अडला हे आधी जाणवावे लागते. ज्याला ती अडचण जाणवतच नाही, त्याला लक्षणा दिसणार नाही.

एलन मार्कमन यांच्या १९७९ च्या प्रयोगातून हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने पुढे आली. समुद्राच्या तळाशी अजिबात प्रकाश नसतो असे सांगणारा आणि तेथील मासे आपले अन्न रंगावरून ओळखतात असेही सांगणारा मजकूर प्राथमिक शाळेतील मुलांना ऐकविण्यात आला. अनेक मुलांना त्यात काही खटकले नाही. ही मुले मंदबुद्धी नव्हती. सांगितलेले सर्व खरेच असते आणि आपले काम ते लक्षात ठेवण्याचे आहे, अशी त्यांची धारणा होती. शाळेने दिलेली ही धारणा घेऊन मूल कवितेकडे येते, तेव्हा 'पाऊस दार ठोठावू लागला' या वाक्याजवळ ते थबकत नाही. पावसाला हात कोठून आले, हा प्रश्न त्याच्या मनात उमटला तरी तो विचारायचा नसतो, हे ते शिकलेले असते. मग शिक्षक फळ्यावर 'चेतनगुणोक्ती' लिहितात आणि पुढच्या ओळीकडे जातात.

'फुलराणी'चा दाखला

अलंकार हा अर्थावर चढविलेला दागिना आहे, ही कल्पना 'अलंकार' या शब्दानेच पक्की केली आहे. ध्वन्यालोकात आनंदवर्धनाने अलंकाराने रसाचे अंग होऊन राहावे, असा आग्रह धरला. शालेय व्याकरणाने मात्र दागिना अंगापासून काढून तराजूत टाकला. बालकवींच्या 'फुलराणी'कडे या दृष्टीने पाहावे. हिरवळीवर खेळणारी एक अजाण कळी, तिची थट्टा करणारा संध्याकाळचा वारा, दुरून डोकावणारा सूर्यकिरण, मग रात्र, आणि पहाटे पक्ष्यांच्या लगबगीत लागणारे लग्न. ही गोष्ट चौथीच्या मुलाला सांगता येते व आवडते. आता 'लग्न कोणाचे लागले?' असा प्रश्न विचारल्यास 'फुलराणीचे' हे उत्तर येईल आणि ते बरोबरही असेल. परंतु कळीचे लग्न म्हणजे काय झाले? सकाळी ऊन पडले आणि फूल उमलले, हे ज्या मुलाला स्वतःहून सापडले त्याला कविता कळली. ज्याला सापडले नाही त्याला कवितेतील एकही प्रसंग समजलेला नाही, मग त्याने अलंकाराचे नाव कितीही शुद्ध लिहिलेले असो. येथे चेतनगुणोक्ती हाच कवितेचा कथाभाग आहे. ती वगळून आकलनाचा प्रश्न काढताच येत नाही.

याउलट टोकाचा धोकाही आहे. फूल उमलले एवढे सांगून कविता संपविणारा शिक्षक तिचे निसर्गविज्ञान करतो. लुईझ रोझेनब्लॅट यांनी माहितीसाठीचे वाचन व अनुभवासाठीचे वाचन असा भेद केला. त्यांच्या १९८० च्या एका लेखाचे शीर्षकच, तिसरीच्या स्वाध्यायपुस्तिकेत एका कवितेखाली छापलेला प्रश्न आहे : ही कविता तुम्हांला कोणती तथ्ये शिकविते? या प्रश्नाला हसण्याआधी आपल्या स्वाध्यायांतील 'या कवितेतून कोणता बोध मिळतो?' हा प्रश्न आठवावा. बोधाची ही हाव तथ्यांच्या हावेपेक्षा अधिक सोज्ज्वळ दिसते, इतकेच.

मुलांजवळची भाषा

अलंकार लहान मुलांना कळत नाहीत, म्हणून ते प्राथमिक स्तरावर नकोतच, असा एक पक्ष आहे. मुलांची रोजची भाषा त्याच्या विरोधात साक्ष देते. करवतीला दात असतात, नारळाला डोळे, खुर्चीला हात. सह्याद्रीच्या कुशीतले मूल डोंगराचा माथा, सोंड, पदर आणि नेढे हे शब्द पुस्तकाविना वापरते. नेढे म्हणजे सुईचे भोक. राजगडावरील आरपार खडकाला हे नाव देणाऱ्याने उपमेय, उपमान व साधारण धर्म यांचा हिशेब मनातल्या मनात पुरा केला होता. मुलांना हे शब्द गोळा करावयास सांगून 'डोंगराच्या त्या भागाला सोंडच का म्हटले, शेपूट का नाही?' एवढे विचारले, तरी रूपकाचा पाठ सुरू होतो. सोंड डोक्याकडून खाली उतरत येते, हे उत्तर मुलेच देतील.

कोडे हे याहूनही उपयुक्त साधन. कोडे म्हणजे उपमेय झाकून ठेवलेले रूपक. उत्तर चुकले की मूल पुन्हा शब्दांकडे जाते, एकेक खूण ताडून पाहते. आकलनाच्या अध्यापनात नेमकी हीच सवय हवी असते. मुलांनी स्वतः कोडी रचावीत, हा त्यापुढचा स्वाध्याय. खूण फार उघड झाली तर मजा जाते आणि फार झाकली तर कोडे सुटत नाही, हे कळण्यास कोणतीही व्याख्या लागत नाही.

वाक्प्रचारांच्या बाबतीत मात्र सावधगिरी हवी. 'पोटात कावळे ओरडणे' हे घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला आपोआप कळते. वारली किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला ते खरोखरच कोडे असते. त्याला अर्थ पाठ करण्यास देणे म्हणजे त्याची अडचण झाकणे. तुमच्या घरी भुकेबद्दल काय म्हणतात, असे विचारल्यास वर्गाला दोन प्रतिमा मिळतात व तुलनेची सवय लागते.

क्रमाचाही विचार व्हावा. एलन विनर यांनी 'द पॉइंट ऑफ वर्ड्‌स' (१९८८) या ग्रंथात मुलांच्या रूपक-आकलनाचा व उपरोध-आकलनाचा वेगवेगळा विचार केला आहे. रूपकासाठी वस्तूंमधील साम्य कळावे लागते, तर उपरोधासाठी बोलणाऱ्याच्या मनात काय आहे ते ओळखावे लागते, आणि हे दुसरे काम उशिरा साधते. 'वा, काय अक्षर आहे!' या शेऱ्याने दुसरीतील मूल खूश झाले तर त्यात त्याचा दोष नाही. नाद ओळखणे, मग साम्य, मग सजीवपणाचा आरोप, आणि फार पुढे व्याजस्तुती, असा क्रम व्याकरणाच्या यादीतून मिळत नाही.

शिक्षकाची बाजू

एकाच खोलीत तीन-चार इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकाला 'अलंकार ओळखा' हा प्रश्न सोयीचा वाटतो, यात नवल नाही. उत्तर एकच असते, तपासणे झटपट होते, पालकांशी वाद होत नाही. 'कवीने पावसाला दार ठोठावायला का लावले?' या प्रश्नाची तीस मुलांकडून तीस उत्तरे येतील आणि त्यांतील काही निखालस चुकीची असतील. 'पाहुण्यासारखा' आणि 'पोलिसासारखा' ही दोन्ही उत्तरे ग्राह्य धरावीत का? त्यांचा निवाडा कवितेतील पुढील ओळींनीच होऊ शकतो. मुलांना परत त्या ओळींकडे पाठविणे हा खरा आकलनाचा तास. पण असा निवाडा करण्याचा सराव शिक्षकाला कोणी दिलेला नाही. अध्यापक पदविकेच्या अभ्यासक्रमात पाठ-टाचणाचे नमुने भरपूर असतात. एखादी कविता चार जणांनी बसून वाचावी, अर्थाबद्दल मतभेद व्हावा आणि तो मजकुराच्या आधारे मिटवावा, असा तास क्वचितच होतो. मराठीच्या पदवी वर्गांतही तो होत नसेल, तर पदविका विद्यालयांकडे बोट दाखविण्यात अर्थ नाही, कारण तेथे शिकविणारे प्राध्यापक याच वर्गांतून गेलेले असतात.