धरणाचा हिशेब आणि खाडीकाठ : ‘झाडाझडती’च्या निमित्ताने

मराठी साहित्यातील धरणग्रस्तांच्या चित्रणाचा विचार विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ (1991) या कादंबरीला वगळून करता येत नाही. 1992 चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या या कादंबरीच्या केंद्रस्थानी जांभळी गावाचे विस्थापन आहे. खैरमोडे गुरुजींची फरफट, कचेऱ्यांतील दिरंगाई, जमीन सोडण्यास लाभक्षेत्रातील बागायतदारांचा विरोध हे सारे लेखक बारकाईने उभे करतो. त्याचा प्रशासनाशी असलेला निकटचा परिचय येथे कामी आला आहे. कागदावर पूर्ण झालेले पुनर्वसन प्रत्यक्षात कोठे अडते, हे कोणत्याही सरकारी अहवालापेक्षा ही कादंबरी नेमकेपणाने सांगते.

तथापि तिच्या हिशेबाला एक मर्यादा आहे. धरणाची किंमत ती बुडीत क्षेत्रात मोजते व लाभक्षेत्राशी ताडून पाहते. धरणाखालची नदी आणि तिच्या मुखाशी वसलेली माणसे या हिशेबात येत नाहीत. तेरेखोल खाडीकाठच्या आरोंद्यातील वाचकाला ही उणीव सहज जाणवावी. खाडीतील मासळी, तिसऱ्या, खारबांधाआडची भातशेती ही गोड्या व खाऱ्या पाण्याच्या तोलावर टिकून असते. जवळच्या दोडामार्ग तालुक्यातील तिलारी हा महाराष्ट्र-गोव्याचा संयुक्त प्रकल्प आहे. तिलारी नदी तेरेखोलला न मिळता गोव्यातून शापोरा नावाने समुद्राला मिळते, हे खरे. पण खाडीचा धर्म दोन्हीकडे एकच.

जागतिक धरण आयोगाने 2000 मधील अहवालात धरणाखालील लोकांच्या हानीची गणना आवश्यक मानली. कादंबरी त्याआधीची आहे; म्हणून दोष एकट्या लेखकाचा नव्हे. हा हिशेब जलविद्युत प्रकल्पांना लावला की तो अधिकच गुंतागुंतीचा होतो. कोयनेच्या 1,960 मेगावॅट विजेने महाराष्ट्राच्या उद्योगांना आधार दिला, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. दुसऱ्या बाजूस 1976 च्या पुनर्वसन कायद्यापूर्वीच उठवली गेलेली गावे आहेत आणि 11 डिसेंबर 1967 चा भूकंपही आहे. जलाशयामुळे चेतवल्या गेलेल्या भूकंपाचे उदाहरण म्हणून भूकंपशास्त्रज्ञ त्याच्याकडे पाहतात. शिवाय पूर्वेकडे वाहणाऱ्या कृष्णाखोऱ्यातील पाणी विजेसाठी पश्चिमेला वळविले जाते. हे अवजल वाशिष्ठीत उतरून दाभोळच्या खाडीला मिळते. तिलारीत पाणी अडते, येथे ते वाढते. दोन्हीकडे खाडीचा तोल ढळतो. वाशिष्ठीकाठची माणसे मात्र कोयनेच्या विस्थापितांच्या कोणत्याही यादीत नाहीत.